कांद्याच्या जिल्ह्यात हळवं पोट

आमच्या शाळेचा पहिला तास सव्वासातला. घरून पावणेसातला निघायचं असतं आणि मी पावणेपाचला उठते. डब्याला काही दोन तास लागत नाहीत, ते पोटाला लागतात. उठल्यावर कोमट पाणी, मग चहा, मग एकदा जाऊन येणं, पोळ्या लाटता लाटता दुसऱ्यांदा, आणि चप्पल पायात सरकवताना पुष्कळदा तिसऱ्यांदा. एकदा वर्गात उभी राहिले की पस्तीस मिनिटं मुलांना सोडून कुठे जाता येत नाही, हे माझ्या आतड्याला माझ्याआधी कळतं.

मी नाशकात विज्ञान शिकवते आणि २०१५ पासून मला आयबीएस आहे. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे चिडकं आतडं. वैद्यांकडे गेलात तर बहुधा ‘ग्रहणी’ हा शब्द कानावर पडेल, आणि घरात ‘हिचं पोट नाजूक आहे’ एवढ्यावर विषय संपतो. संडासाबद्दल बोलायची आपल्याला लाज वाटते, म्हणून माणसं वर्षानुवर्षं गप्प राहून सोसतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जागतिक पाहणीत शंभरातल्या साधारण चार जणांना हा त्रास आढळला. तुमच्या ऑफिसात पन्नास माणसं असतील तर एकदोघं तरी सकाळी माझ्यासारखी घड्याळ बघत असणार. हे सगळं मी त्यांच्यासाठी लिहितेय.

सकाळीच का?

जठरात काही पडलं की मोठ्या आतड्याला निरोप जातो, वरून माल येतोय, खाली जागा करा. आतडं आवळतं आणि आपल्याला लागतं. हे सगळ्यांच्याच शरीरात घडतं. तान्ह्या बाळाने दूध पिताच लंगोटात शी केली तर आई काळजी करत नाही, ती हीच प्रतिक्रिया. रात्री मोठं आतडं जवळजवळ झोपलेलं असतं आणि आपण उठलो की तेही उठतं, म्हणून सकाळच्या पहिल्या चहाने सगळ्यात जोरात हालचाल होते. आयबीएसमध्ये हा निरोप नको इतका जोरात जातो.

इथे एक गैरसमज आहे. ‘मी काही खाल्लं की तसंच बाहेर पडतं’ असं पुष्कळ जण सांगतात. तोंडातून निघालेला घास बाहेर पडायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. नाश्त्याच्या पोह्यांनंतर दहा मिनिटांत जे होतं त्यात पोहे नसतात, कालचं किंवा परवाचं जेवण असतं. हे कळल्यावर मी पोह्यांना दोष देणं सोडलं. आज सकाळी बिघडलं म्हणजे आजच्याच नाश्त्यात काही तरी होतं, असं धरून आपण एकेक चांगला पदार्थ ताटातून हद्दपार करत जातो.

आता मुख्य गोष्ट. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं, दहा कोटींहून जास्त पेशींचं. आतड्याने कधी आवळायचं, कधी सैल पडायचं, किती पाणी सोडायचं, हे ते बरंचसं स्वतःच ठरवतं. आपण ज्याला मनाशी जोडतो त्या सेरोटोनिन नावाच्या रसायनापैकी नव्वद टक्क्यांच्या वर आतड्यातच तयार होतं. पोट आणि मेंदू यांच्यामध्ये व्हेगस नावाची लांब नस आहे, आणि तिच्यातले बहुतेक धागे खालचे निरोप वर नेतात, म्हणजे पोट मेंदूशी जास्त बोलतं. आपल्या भाषेला हे फार पूर्वीच ठाऊक असावं. भीतीने पोटात गोळा येतो, काळजीने पोटात कालवाकालव होते. बोर्डाच्या परीक्षेच्या दिवशी केंद्रावरच्या संडासापुढची रांग दर वर्षी मी बघते, आणि त्या पोरांपैकी कुणालाही आतड्याचा रोग नसतो.

आयबीएसमध्ये हे बोलणं बिघडतं. दाराशी बांधलेलं कुत्रं चोरावर भुंकतं ते बरंच आहे, पण ते वाऱ्याने हललेल्या पानावरही रात्रभर भुंकायला लागलं तर? तुम्ही बॅटरी घेऊन सगळं अंगण फिराल, चोर सापडणार नाही. म्हणून चोर नाही हेही खरं आणि रात्रभर तुम्हाला झोप नाही हेही खरं. एंडोस्कोपी, सोनोग्राफी, रक्ततपासणी हे सगळं बॅटरी घेऊन अंगण फिरणं आहे. भुंकणं त्यात दिसत नाही.

मात्र ते मोजता येतं. १९७३ मध्येच एका संशोधकाने रुग्णांच्या आतड्यात छोटा फुगा फुगवून पाहिला होता. बहुतेक निरोगी माणसांना जेवढ्या फुग्याने दुखत नव्हतं तेवढ्यानेच आयबीएसच्या पुष्कळ रुग्णांना दुखत होतं. अलीकडे एमआरआयखाली तेच दिसलं. वायू वाढवणारा पदार्थ दोन्ही गटांना दिला, वायू दोघांच्याही पोटात जवळजवळ सारखाच झाला, पण त्रास मुख्यतः आयबीएसवाल्यांनाच झाला. तेव्हा ‘गॅस सगळ्यांनाच होतो, तुझंच काय कौतुक?’ असं कुणी म्हणालं तर ते अर्धंच खरं बोलतात. गॅस सगळ्यांनाच होतो. आपल्याला तो जास्त दुखतो.

‘काही नाही’

२०१५ च्या पावसाळ्यात, कुंभमेळ्याची गडबड चालू असताना, एका डोहाळजेवणाहून आल्यावर मला जोरात उलट्या-जुलाब झाले. आठवड्याने ते थांबले, पण पोट पहिल्यासारखं झालं नाही. पोटाच्या अशा जंतुसंसर्गानंतर साधारण दहातल्या एकाला आयबीएस मागे राहतो, हे मला फार उशिरा कळलं. संसर्ग जातो, पण आतड्याच्या नसा हळव्या होऊन बसतात.

पुढची दोन वर्षं मी ‘आव’ समजून औषध घेत राहिले. संडासात चिकट शेम दिसला की आव, आणि आव म्हटलं की मेट्रोनिडाझोल हे अमिबावरचं औषध, हे समीकरण आपल्याकडे औषधाच्या दुकानापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. चार वेळा तो कोर्स झाला, प्रत्येक वेळी तोंड आठ दिवस धातू चघळल्यासारखं. खरं म्हणजे शेम आतडं नेहमीच बनवत असतं, आतून गुळगुळीत राहण्यासाठी. आयबीएसमध्ये तो जास्त दिसतो इतकंच. शौचाच्या तपासणीत अमिबा दिसला नाही तर अमिबाचं औषध घेण्यात अर्थ नाही, उलट त्याने आतड्यातले चांगले जंतू मात्र मरतात.

शेवटी सगळ्या तपासण्या झाल्या, दुर्बिणीचीसुद्धा. डॉक्टरांनी फाइल चाळली आणि म्हणाले, “काही नाही. टेन्शन घेऊ नका.” मी रिक्षात बसून शरणपूर रोडवरून घरी येईपर्यंत रडले. मला कॅन्सर नाही याचा आनंद व्हायला हवा होता. पण ‘काही नाही’ म्हणजे मी खोटं सांगतेय असंच ते ऐकू आलं. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी कागदावर आतडं आणि मेंदू काढून दोन्हीकडून बाण दाखवले. त्या कागदाने मला निम्मं बरं केलं, असं मी आजही म्हणेन.

आयबीएस हे निदान सगळं नाकारून शेवटी उरलेलं निदान नाही, हे त्यांनीच सांगितलं. त्याला निकष आहेत. रोम निकष म्हणतात त्यांना, चौथी आवृत्ती २०१६ ची. गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखतं, आणि त्या दुखण्याचा शौचाशी संबंध आहे, किंवा शौचाच्या वेळा बदलल्यात, किंवा शौचाचं रूप बदललंय, या तिघांपैकी दोन गोष्टी आहेत, आणि सगळं सुरू होऊन सहा महिने झालेत. रूप सांगायला एक तक्ताही आहे, ब्रिस्टल नावाचा, एक ते सात आकड्यांचा. एक म्हणजे शेळीच्या लेंड्या, चार म्हणजे मऊ, गुळगुळीत, एकसंध, सात म्हणजे निव्वळ पाणी. डॉक्टरांपुढे बसून ‘साफ होत नाही हो’ म्हणण्यापेक्षा ‘आठवड्यात दोन दिवस एक नंबर, बाकीचे दिवस सहा नंबर’ असं सांगितलं की लाजही कमी वाटते आणि कामही लवकर होतं. कुणाला जुलाबाचा आयबीएस असतो, कुणाला बद्धकोष्ठाचा, आणि माझ्यासारख्यांना आलटून पालटून दोन्ही.

पण काही खुणा दिसल्या तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरकडे जा. शौचातून रक्त, मग ते मूळव्याधीचं आहे असं तुम्हाला कितीही वाटलं तरी. कारण नसताना वजन उतरणं. ताप, विशेषतः संध्याकाळी येणारा, आणि अन्नावरची वासना जाणं, कारण आतड्याचा क्षयरोग आपल्याकडे अजून आहे आणि तो सुरुवातीला असाच दिसतो. हिमोग्लोबिन कमी होणं. झोपेतून उठवणारे जुलाब, कारण आयबीएसचं पोट बहुतेक वेळा रात्री तुमच्याबरोबर झोपतं. पंचेचाळीस-पन्नाशीनंतर हे सगळं नव्याने सुरू होणं. घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेला असणं. यातलं काही नसेल तर थोड्या तपासण्या पुरतात, दर वर्षी दुर्बीण घालून घ्यायची गरज नसते. आणि आयबीएसमधून कॅन्सर होत नाही. हे वाक्य मी स्वतःला फार वेळा वाचून दाखवलंय.

कांदा

आता जेवणाकडे येते, आणि इथे जरा रेंगाळणार आहे, कारण आपण नाशिक जिल्ह्यात राहतो. लासलगावची बाजार समिती कांद्यासाठी देशभर प्रसिद्ध, भाव पडला की इथल्या घराघरांत चूल कशीबशी पेटते. आणि आयबीएसच्या पोटाला सगळ्यात जास्त छळणाऱ्या दोन गोष्टींची नावं सांगायची तर कांदा आणि लसूण.

कांद्यात तिखटपणा असतो म्हणून असं होतं, असं मला वाटायचं. कारण वेगळंच निघालं. कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टान नावाच्या साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. त्या तोडायची विकरं माणसाच्या लहान आतड्यात नसतातच, कुणाच्याच. त्या न पचता पुढे सरकतात, जाताना पाणी ओढून घेतात, आणि मोठ्या आतड्यात पोचल्या की तिथले जंतू त्यांच्यावर तुटून पडतात आणि वायू तयार होतो. हरभरा, राजमा, तूर यांतल्या साखळ्या थोड्या वेगळ्या, पण गत तीच. दुधातलं लॅक्टोज मोठेपणी पुष्कळ भारतीयांना नीट पचत नाही. आंबा, सफरचंद, कलिंगड यांत फ्रुक्टोज जास्त. फ्लॉवरमध्ये मॅनिटॉल, साखरेचंच एक भावंड. या सगळ्या गटाला मिळून फॉडमॅप असं नाव आहे, आणि ते कमी करण्याचा आहार ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या मंडळींनी तयार केला.

फोडणीचा मुद्दा इथेच येतो. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात विरघळत नाही. एवढ्या एका ओळीने माझं स्वयंपाकघर बदललं. मी कढईत तेल तापवते, सात-आठ लसूण पाकळ्या सोलून अख्ख्याच टाकते, आच मंद. कडा बदामी झाल्या आणि घरभर वास सुटला की झाऱ्याने सगळ्या पाकळ्या वाटीत काढून घेते. एकही तुकडा मागे ठेवायचा नाही. मग त्याच तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता. वास लसणीचा, चव लसणीची, पोटाला त्रास नाही. मात्र रश्श्यात कांदा शिजवून तो नंतर वेचून काढला तर उपयोग नाही, तोवर सगळं फ्रुक्टान रश्श्याच्या पाण्यात उतरलेलं असतं. माझ्या पहिल्या सहा महिन्यांतली हीच चूक होती. मी ताटातले कांदे बाजूला सारून रस्सा ओरपत होते आणि संध्याकाळी पोट धरून बसत होते.

सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. “अगं, कांद्याशिवाय भाजी? मग तिच्यात घालायचं तरी काय?” मी कांद्याची पात आणली. पातीचा हिरवा भाग पोटाला सोसतो, खालचा पांढरा गड्डा नाही. हिरवा भाग बारीक चिरून शेवटी टाकला की कांद्याचा भास होतो. वाटीत काढलेल्या लसूण पाकळ्या त्या मीठ लावून भाकरीबरोबर खातात, आणि आता मीच विसरले तर त्याच विचारतात, “काय गं, आज लसूण काढली नाहीस?”

धान्यांत तांदूळ आणि ज्वारी या बाबतीत सौम्य आहेत. गव्हाच्या दोन छोट्या पोळ्या मला चालतात, चार नाही. नागलीची भाकरी माझ्या माहेरी इगतपुरीकडे रोजची, तीही मला सोसते. कडधान्यं सोडू नका, फक्त रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून टाका आणि मोड आणा. त्या त्रासदायक साखळ्या पाण्यात उतरतात आणि मोड येताना बियाणं त्या स्वतःच वापरून टाकतं. आपल्या आज्या मोड आणून उसळ करायच्या त्यात किती शास्त्र होतं, हे मला पन्नास पानं वाचल्यावर कळलं. दही दुधापेक्षा बरं, कारण विरजणातले जंतू लॅक्टोज पचवायला हातभार लावतात. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच. केळं खूप पिकून ठिपके पडलेलं असेल तर त्यात फ्रुक्टान वाढलेलं असतं, जरा घट्ट असताना खा. द्राक्षांचं विचाराल तर मूठभर. फ्रुक्टोज एका वेळी किती शोषलं जाईल याला मर्यादा असते. फेब्रुवारीत मामांच्या बागेत क्रेटजवळ बसून घड तोडून खाण्यात जो आनंद आहे तो मी वर्षातून एकदा घेते, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तर.

आणि मिसळ. नाशकात राहून मिसळीवर न बोलणं म्हणजे गोदावरीवर न बोलणं. एका ताटलीत काय काय येतं बघा. मटकी, बेसनाचं फरसाण, वाटणातला कांदा-लसूण, वर कच्चा कांदा, बाजूला गव्हाचे पाव, आणि वर तरंगणारी तर्री. तेलाने आतडं जास्त जोरात आवळतं आणि मिरचीतलं कॅप्सेसिन वेदना ओळखणाऱ्या नसांना थेट चेतवतं. यातली एकेक गोष्ट थोडी खाल्ली तर कदाचित सोसेल, सगळ्या एका वेळी आल्या की बेरीज होते. ही बेरीज फार महत्त्वाची आहे. परवा कांदा चालला आणि आज का नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा त्या बेरजेत असतं. मी महिन्यातून एका रविवारी घरच्यांबरोबर मिसळीला जाते, रस्सा कमी, कच्चा कांदा नाही, एकच पाव. तो रविवार मी सोडणार नाही.

कारण उलटी चूकही मी केली आहे आणि ती जास्त महाग पडली. फॉडमॅप वाचल्यावर मी नऊ महिने भात, मुगाची पातळ खिचडी, दुधी आणि गाजर यांवर काढले. सात किलो वजन गेलं, केस गळले, आणि कुणी जेवायला बोलावलं की मी कारणं सांगायला लागले. हा आहार असा करायचाच नसतो. चार ते सहा आठवडे कमी करायचं, फरक पडतो का बघायचं, आणि मग एकेक गट परत आणायचा. आधी लसूण, तीन दिवस, रोज थोडी वाढवत. मग दोन-तीन दिवस थांबून गहू. मग दूध. ज्याने काही होत नाही ते ताटात परत. फरक पडलाच नाही तर सगळंच परत, हा मार्ग आपला नव्हे. फार दिवस सगळं बंद ठेवलं तर आतड्यातले उपयोगी जंतूही उपाशी राहतात. जमलं तर आहारतज्ज्ञांच्या नजरेखाली करा, आणि वजन मुळातच कमी असेल किंवा जेवणाची भीती बसली असेल तर करूच नका.

बाकीचे धागे

‘फायबर खा’ हा सल्ला आयबीएसला सरसकट देऊ नये. गव्हाच्या कोंड्याने पोट आणखी फुगू शकतं. इसबगोल वेगळं, ते पाण्यात फुगून जेलीसारखं होतं आणि बद्धकोष्ठ व जुलाब दोन्हींत मदत करतं. अर्ध्या चमच्यापासून सुरुवात, भरपूर पाणी, दोन-तीन आठवडे धीर. सोनामुखीची चूर्णं रोज घेऊ नका. आतड्याला चाबूक मारून हाकलण्यासारखं आहे ते, आणि हळव्या आतड्याला त्याने कळा येतात. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर उत्तम, उकिडवं बसल्याने गुदाशयाचा वाक सरळ होतो. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या.

कळ थांबवायला मेबेव्हेरीन, डायसायक्लोमीन अशी औषधं आहेत. पेपरमिंट तेलाच्या आतड्यात जाऊन फुटणाऱ्या कॅप्सूल आहेत, त्यांनी काहींना जळजळ होते पण मला गुण येतो. जुलाबाला लोपेरामाइड, ताप किंवा रक्त नसेल तरच. कोणती घ्यायची ते डॉक्टरांनी ठरवायचं.

एका औषधावर मात्र थांबते, कारण त्याच्यावरून घराघरांत वाद होतात. अमिट्रिप्टिलिन. जुनं नैराश्याचं औषध, आयबीएसला अगदी कमी मात्रेत, रात्री दहा मिलिग्रॅमपासून देतात. माझ्या नवऱ्याने नेटवर नाव शोधलं आणि म्हणाला, “तुला वेड लागलंय असं वाटतं की काय त्यांना?” तसं नाही. या मात्रेत ते आतडं आणि मेंदू यांच्यामधल्या वेदनेचा आवाज कमी करतं, आणि आतड्याची गतीही थोडी मंदावतं, म्हणून बद्धकोष्ठवाल्यांना जपून देतात. इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर झालेली चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात या गोळीने औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा स्पष्ट जास्त आराम मिळाला. सुरुवातीला तोंड कोरडं पडतं आणि सकाळी जड वाटतं. मी ती अकरा महिने घेतली.

मनाचंही तेच. ‘टेन्शनमुळे होतं’ हे वाक्य टोमण्यासारखं वापरलं जातं, त्यामुळे मी चिडून मनाच्या उपायांकडे बरीच वर्षं बघितलंच नाही. १९८४ मध्येच मँचेस्टरच्या डॉक्टरांनी दाखवलं होतं की पोटावर लक्ष केंद्रित करणाऱ्या संमोहनाने जुना, हट्टी आयबीएससुद्धा सुधारतो. संमोहन करणारं माणूस जवळपास मिळालं नाही तरी विचार आणि वागणं यांवर काम करणारे समुपदेशक आता मिळतात. मी सावकाश श्वास शिकले. एक हात पोटावर, श्वास घेताना पोट वर, सोडताना घेतलेल्यापेक्षा जास्त वेळ. रोज दहा मिनिटं.

ते शिकायला मला वहीने भाग पाडलं. मी तीन महिने नोंद ठेवली. एका रकान्यात जेवण, एकात एक ते सात आकडा, आणि एकात दिवस कसा गेला. कांद्याचे दिवस दिसले, पण त्याहून ठळक दुसरंच दिसलं. निकालपत्रकं करायच्या आठवड्यात, रात्री बारा-साडेबारापर्यंत जागले की दुसऱ्या दिवशी सहा नंबर, मग मी भात खाल्लेला असो की भाकरी. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांतही तेच, कारण गर्भाशय आवळणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं शेजारच्या आतड्यालाही सोडत नाहीत. आता निकालाच्या आठवड्यात मी दहाला दिवा बंद करते आणि पत्रकं पहाटे करते.

घराबाहेरचं सगळ्यात अवघड काम मी सगळ्यात उशिरा केलं. शाळेत सांगितलं. मुख्याध्यापक बाईंच्या खोलीत उभी राहून “मॅडम, मला कधी कधी तासातून जावं लागतं” एवढं म्हणायला सात वर्षं लागली. त्या दोन क्षण गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “माझ्या भावाला आहे हे.” शेजारच्या वर्गावरच्या मॅडमनी माझ्या वर्गावर पाच मिनिटं लक्ष ठेवायचं, एवढीच व्यवस्था झाली. ती झाल्यापासून वर्षभरात मी ती दोनदाच वापरली. जाता येईल हे माहीत असलं की जावं लागत नाही.

प्रवासाचं असंच. मुंबईला जाताना सकाळची पंचवटी एक्स्प्रेस मला बसपेक्षा बरी वाटते, गाडीत संडास असतो. पुण्याला एसटीने जायचं असेल तर आदल्या रात्री हलकं जेवण, निघायच्या दोन तास आधी चहा, बस कुठे थांबणार ते कंडक्टरकाकांना चढतानाच विचारून ठेवणं, आणि पर्समध्ये गोळी, पाणी, टिश्यू आणि एक जादा सलवार. ती सलवार पाच वर्षांत एकदाही लागली नाही. मी ती काढणारही नाही.

सहा वर्षं मी शाळेच्या सहलीला गेले नव्हते, काही ना काही कारण सांगत होते. यंदा सहल सप्तशृंग गडावर आहे. बस दिंडोरीला आणि वणीला दहा-दहा मिनिटं थांबवायची असं बाईंनी ड्रायव्हरकाकांना सांगून ठेवलंय, मुलांसाठी म्हणून. पुढच्या दारापाशी एकाची सीट आहे, ती मी मागून घेतली.